पहिले साठ फूट

कोरीगडाच्या तटावरून खाली बघितलं की अँबी व्हॅलीचे बंगले दिसतात, अडवलेलं पाणी दिसतं आणि त्या सगळ्यात वेगळी उठून दिसते ती एक सरळ धावपट्टी. मुळशी तालुक्यात सरळ रस्ता हीच मुळात नवलाची गोष्ट. पिरंगुट सोडलं, पौड सोडलं, धरणाच्या कडेला लागलं की ताम्हिणी उतरेपर्यंत वळणामागून वळण. लोणावळ्याहून भुशी धरण, आयएनएस शिवाजी असं करत आंबवण्याकडे येणारा रस्ताही त्यातलाच. त्यामुळे बड्यांच्या खासगी विमानांसाठी बांधलेली ही पट्टी मोटरसायकलवाल्यांच्या डोळ्यांत भरली नसती तरच आश्चर्य. गेल्या दशकात ‘द व्हॅली रन’ या नावाने तिथे ड्रॅग शर्यती भरल्या. शेजारी-शेजारी दोन गाड्या, समोर दिवे, वळण एकही नाही. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. जो आधी पोचेल तो पुढच्या फेरीत, उरलेला चहाच्या टपरीवर.

बघे जमतात ते लॅम्बोर्गिनी आणि हायाबुसासाठी. त्यांचा आवाज आणि वेग दोन्ही डोळे दिपवणारे, यात वाद नाही. पण मोटरसायकलवरच्या माणसाची कारागिरी बघायची असेल तर मधल्या गाड्यांकडे बघावं, विशेषतः डबल सिलिंडरवाल्यांकडे. महागड्या सुपरबाइकवर सुरुवात सांभाळायला संगणक असतो. किती रेस द्यायची, चाक किती उचलू द्यायचं, हे तो ठरवतो. रॉयल एनफील्डच्या ६५० सीसी गाडीवर यातलं काही नाही. ना लाँच कंट्रोल, ना ट्रॅक्शन कंट्रोल. क्लच साध्या तारेचा. दिवा हिरवा झाल्यावर जे काही घडतं, ते चालवणाऱ्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांत घडतं.

आणि शर्यतही तिथेच ठरते. ड्रॅग शर्यतीत वेळ फक्त शेवटी मोजत नाहीत. सुरुवातीच्या रेषेपासून साठ फुटांवर, म्हणजे सव्वाअठरा मीटरवर, वेळ नोंदणारा पहिला प्रकाशकिरण असतो. तिथे नोंदलेला आकडा जाणकार सर्वांत आधी बघतात. त्यांचा एक जुना ठोकताळा आहे: साठ फुटांत सेकंदाचा एक दशांश वाचवला, तर पाव मैलाच्या टोकाला दीड ते दोन दशांश वाचतात. कारण उघड आहे. पहिल्या अठरा मीटरांत मिळवलेला वेग पुढचे पावणेचारशे मीटर तुमच्या सोबत राहतो. शेवटच्या शंभर मीटरांत मूठ कितीही पिळली तरी ती भरपाई होत नाही. तरीही आपल्याकडे गाडी ‘पळवायची’ म्हटलं की माणूस आधी सायलेन्सरच्या दुकानात जातो. या लेखाचं भांडण त्याच्याशी आहे.

विमानांच्या पट्टीवर गाड्या पळवणं ही काही मुळशीची नवी कल्पना नव्हे. या खेळाचा जन्मच धावपट्टीवरचा. १९५० साली कॅलिफोर्नियातल्या सांता अ‍ॅना इथल्या विमानतळावर सी. जे. हार्ट नावाच्या गृहस्थाने तिकीट लावून अशा शर्यती सुरू केल्या. तिथे आलेल्या मोटारवाल्यांची सुरुवातीलाच पंचाईत झाली, कारण चेट हर्बर्टची ‘द बीस्ट’ नावाची हार्ले-डेव्हिडसन भल्याभल्या मोटारींना मागे टाकायची. डबल सिलिंडर गाडी. हर्बर्टला पोलिओ झालेला, तो चाकांच्या खुर्चीत. गाडी तो बांधायचा आणि चालवायचा अल कीज. आपल्याकडे मद्रासजवळचं शोलावरम, कलकत्त्याजवळचं बराकपूर आणि मुंबईचं जुहू या तिन्ही ठिकाणी शर्यती झाल्या त्या धावपट्ट्यांवरच. मद्रासवाल्यांनी १९९० साली इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचं सर्किट बांधलं. जुहूला विमानं राहिली, शर्यती गेल्या. अँबी व्हॅलीचं त्याहून निराळं. २०१७ साली सहारा समूहाच्या देण्यापोटी सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी मालमत्ता जप्त करून लिलावाला काढायला सांगितली. राखीव किंमत ठरली ३७,३९२ कोटी रुपये. घ्यायला कोणी आलं नाही.

महाराष्ट्रातल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला डबल सिलिंडर म्हटलं की आठवते राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५०ची ही भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्सने १९८३ साली आणली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, सहा गिअर. मूळ गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक काढून इथे ड्रम दिला, आणि ज्यांना तो ऐनवेळी लागला नाही ते आजही त्याला शिव्या देतात. पेट्रोल पिण्याबद्दल तिची बदनामी झाली, दशक संपता संपता ती बंद पडली आणि मग तिचे भक्त तयार झाले. आजही पुण्या-कोल्हापुरात जुनी आरडी जीव लावून पाळणारे आहेत. या गाडीची सुरुवात म्हणजे वेगळंच प्रकरण. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या खाली इंजिन झोपलेलं, वर गेलं की एकदम जागं. मधली पायरीच नाही. त्यामुळे तिला रेषेवर किंचाळत ठेवावं लागतं आणि क्लच असा सोडावा लागतो की इंजिन त्या झोपेच्या पट्ट्यात परत घसरणार नाही. कमी सोडला तर प्लेटा जळतात, जास्त सोडला तर पुढचं चाक आभाळात.

मग बराच काळ डबल सिलिंडर ही परदेशी मासिकांत बघायची गोष्ट झाली. २००९ साली बजाजने कावासाकीची निंजा २५०आर आणली, २०११ साली ६५०आर. पण डबल सिलिंडर खऱ्या अर्थाने गल्लीबोळात पोचली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये, रॉयल एनफील्डच्या इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी या जुळ्या गाड्यांनी. ६४८ सीसी, ४७ बीएचपी, ५२ न्यूटन-मीटर टॉर्क आणि तोही सव्वापाच हजार फेऱ्यांना. ज्या माणसाने आयुष्यभर बुलेट चालवली तो नोकरीतली बढती साजरी करायला ही घेऊ लागला. पुण्यात रविवारी सकाळी चांदणी चौकात उभं राहिलं तर मुळशीकडे निघालेल्या टोळक्यांत ती सहज दिसते.

या गाडीची सुरुवात सुधारायची म्हणजे काय करायचं, हे कळायला तिचं पोट थोडं उघडून बघावं लागेल. दोन सिलिंडर एकाच क्रँकला जोडलेले असतात, पण ते क्रँकवर कुठे बसवले यावर गाडीचा स्वभाव ठरतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत दोन्ही पिस्टन एकत्र वर, एकत्र खाली. निंजा ६५०मध्ये एक वर तेव्हा दुसरा खाली. दोन्ही रचनांत एक क्षण असा येतो की दोन्ही पिस्टन एकाच वेळी थबकतात आणि पुन्हा एकाच वेळी सुटतात. त्या थबकण्या-सुटण्याचा हिसका क्रँकमधून चेनमध्ये आणि चेनमधून टायरमध्ये जातो. रॉयल एनफील्डने क्रँक २७० अंशांवर ठेवला आहे. ही युक्ती विक्रीच्या गाडीत यामाहाने १९९५ साली टीआरएक्स ८५०मध्ये आणली होती. इथे एक पिस्टन टोकाला थांबलेला असतो तेव्हा दुसरा जवळजवळ पूर्ण वेगात असतो. एकाची ऊर्जा दुसरा उचलतो, हिसका बराच कमी होतो. आवाज उचकी लागल्यासारखा येतो तो याच मांडणीमुळे, कारण स्फोटांमधलं अंतर सारखं नाही: एकदा २७० अंश, एकदा ४५०.

या विषम स्फोटांमुळे टायरला दम खायला वेळ मिळतो आणि पकड वाढते, असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. सुरुवातीला क्लच अर्धवट सुटलेला असताना प्लेटा घसरत असतात आणि त्या घसरणीत स्फोटांचे हे चढउतार बरेचसे पुसले जातात. फायदा आहे तो दुसरीकडे. मधले नकोसे हिसके कमी झाल्यामुळे टायर घसरायला लागला की चालवणाऱ्याला ते बुडाखाली लवकर कळतं. ज्याला लवकर कळतं तो लवकर सावरतो.

आता ओढीचा हिशेब. गाडी, पेट्रोल आणि सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस मिळून वजन २९० किलोच्या घरात. सगळी ताकद मागच्या चाकातून येणार. जमिनीवर ढकलण्याचा जोर वाढत गेला की पुढच्या चाकावरचा भार कमी होत जातो आणि एका मर्यादेला ते उचललं जातं. ती मर्यादा दोनच गोष्टींवर ठरते: सगळ्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आणि मागच्या चाकाच्या किती पुढे. साधारण १४०० मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे दोन चाकांमध्ये तेवढं अंतर असलेल्या गाडीला ही मर्यादा एक ‘जी’च्या आसपास येते. थोडक्यात, गाडी वरून खाली पडताना जेवढा वेग घेईल, तेवढाच पुढे जाताना घेऊ शकते. त्याहून जास्त नाही, इंजिन दोनशे बीएचपीचं असलं तरी.

सुपरबाइकवाल्याची सगळी धडपड या भिंतीला डोकं आपटू नये म्हणून असते. तो गाडी खाली बसवतो, मागचा स्विंगआर्म लांब करतो, पुढचा सस्पेन्शन पट्ट्याने दाबून बांधतो. साडेसहाशेवाल्याचं दुखणं उलटं आहे. ५२ न्यूटन-मीटर पहिल्या गिअरमधून चाकापर्यंत पोचेस्तोवर जी ओढ बनते ती अदमासे ०.७ ‘जी’ची. म्हणजे तो भिंतीपर्यंत पोचतच नाही. जोराने मूठ पिळून क्लच झटक्याने सोडला तर फिरत्या क्रँकमध्ये साठलेली ऊर्जा एकदम सुटते, चाक वीतभर उचलतं, बघे टाळ्या वाजवतात, आणि पुढच्याच क्षणी इंजिनाच्या फेऱ्या कोसळून गाडी दबते. टाळ्यांची किंमत अर्धा सेकंद. ०.७ ‘जी’ कायम राखला तर साठ फुटांना २.३ सेकंद लागतात. ०.५ ‘जी’वर घसरलात तर २.७. नेमका एवढाच फरक चांगल्या आणि वाईट सुरुवातीत असतो आणि त्यासाठी एक रुपयाचाही सुटा भाग लागत नाही.

म्हणून या गाडीवर कसब आहे ते ओढ न तुटू देण्याचं. हात नीट बघितला तर कळतं. रेषेवर माणूस पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभा असतो, पण पुरता दाबून नव्हे. आधी दोनदा तो सोडून बघतो, गाडी किंचित पुढे झुकते ती जागा बोटांना कळली की तिथून केसभर मागे घेऊन थांबतो. तारेला दोन-तीन मिलिमीटरची मोकळी चाल ठेवलेली असते. ती जास्त असली की पकडीची जागा मुठीच्या जवळ सरकते आणि बोटं तिथे थरथरतात. उजव्या मुठीने फेऱ्या चार-साडेचार हजारांवर स्थिर धरलेल्या. स्थिर हा शब्द महत्त्वाचा. व्रूम-व्रूम करणारा माणूस हिरवा दिवा लागेल तेव्हा फेऱ्या कुठे असतील हे दैवावर सोडत असतो. दिवा लागताच क्लच पकडीच्या जागेपर्यंत झटक्यात येतो आणि तिथे थांबतो. सोडून द्यायचा नाही. तिथून पुढे बोटं हळूहळू उलगडतात आणि त्याच मापाने मूठ उघडत जाते, अशी की इंजिनाचा सूर खाली जाऊ नये. बाहेरून ऐकणाऱ्याला सूर एकाच पट्टीत लांबलेला ऐकू येतो. ताशी तीस-पस्तीस किलोमीटरच्या आसपास क्लच पुरता सुटतो. दीड सेकंदाचं काम.

या दीड सेकंदात क्लचवर काय गुजरतं ते सांगण्यासारखं आहे. इंजिनाच्या फेऱ्या एका आकड्यावर स्थिर ठेवून क्लच घसरवला तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, तेवढीच ऊर्जा उष्णता होऊन प्लेटांत जाते. २९० किलो वजन ताशी ३६ किलोमीटरपर्यंत न्यायचं म्हणजे साडेचौदा किलोज्यूल गाडीला आणि साडेचौदा प्लेटांना. एका सुरुवातीला चालतं. लागोपाठ पाच-सहा केल्या की तेल आणि प्लेटा तापतात, पकडीची जागा सरकते, बोटांनी शिकलेलं सगळं चुकीचं ठरतं. म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी थंड होऊ देणारा माणूस आळशी नसतो.

आणखी एक गोम या गाडीच्या क्लचमध्येच आहे. त्याला ‘असिस्ट’ आहे. लिव्हर हलका लागावा म्हणून आत उतरत्या कडांची रचना असते. इंजिन जोर लावू लागलं की त्या कडा प्लेटांना आपोआप आणखी घट्ट आवळतात. शहरात पौड फाट्यावरच्या गर्दीत याच्यासारखं सुख नाही. शर्यतीच्या रेषेवर मात्र बोटांनी जेवढी पकड मागितली त्याहून थोडी जास्त मिळते आणि मूठ जितकी पिळाल तितकी ती वाढते. ज्याला हे ठाऊक नाही तो ‘क्लच पकडतोय’ म्हणून मेकॅनिकला दोष देतो. ठाऊक असलेला मूठ थोडी उशिरा उघडतो. तेलाचंही तेच. हा क्लच तेलात बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-टू’ लिहिलेलं तेलच हवं. मोटारीचं घसरट तेल स्वस्त म्हणून ओतलं तर प्लेटा चांगल्या असूनही सरकतात आणि गॅरेजात नव्या प्लेटांचं बिल होतं.

शरीराकडे कोणी लक्ष देत नाही. छाती टाकीवर टेकवली, कोपर वाकवले, डोकं पुढे नेलं की सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य दोन-तीन सेंटीमीटर पुढे सरकतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण चाक उचलायची मर्यादा त्याने चार-पाच टक्क्यांनी पुढे जाते. जमिनीवरचा पाय फुटरेस्टवर लवकर घ्यावा, कारण लोंबणाऱ्या पायाने कंबर वळते, कंबरेने खांदा वळतो आणि गाडी रांग सोडते. दुसऱ्या गिअरसाठी तो पाय जागेवर हवाच. पहिला गिअर ताशी साठच्या आसपास संपतो, म्हणजे साठ फुटांचा किरण मागे पडला की लगेच.

टायर आणि हवा. कंपनीतून निघाली तेव्हा गाडीला मागे १३०/७०-१८ मापाचा टायर होता. रुंद टायर घालून रुबाब वाढतो, सुरुवात सुधारत नाही. खास बांधलेल्या ड्रॅगपट्टीवर डांबराला चिकट रसायन मारलेलं असतं आणि शेकडो गाड्यांचं रबर बसलेलं असतं. विमानांच्या पट्टीवर यातलं काही नसतं, उलट वाऱ्याने आलेली माती असते. तिथे टायर पुसून, जागच्या जागी थोडा फिरवून गरम करून रेषेवर येणं आणि मागची हवा थोडी कमी ठेवणं, यातच शहाणपण. अँबी व्हॅलीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर. तिथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ, म्हणजे इंजिनाची ताकदही तेवढीच कमी. मुंबईत बसवलेला फेऱ्यांचा आकडा घाटावर जसाच्या तसा चालत नाही. शे-दोनशे फेऱ्या वर धराव्या लागतात.

ज्या प्रदेशात हे सगळं चाललं आहे तिथल्या माणसाला सेकंदाच्या शतांशाचं अप्रूप शिकवावं लागत नाही. मुळशी, मावळ, खेड, जुन्नर या पट्ट्यात बैलगाडा घाटात पळतो तो घड्याळाविरुद्ध. शेजारी दुसरा गाडा नसतो. एकेक बारी सुटते आणि सेकंद मोजले जातात. तिथेही जाणता माणूस बघतो ती सुटण्याची घटका: चारही बैल एकाच दमात उठले का, की एकाने जू ओढलं आणि दुसरा मागे राहिला. २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ला सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३च्या निकालाने ती कायम झाली. परवानगीपाठोपाठ नियम आले, पशुवैद्यक आले, रुग्णवाहिका आली. मोटरसायकलवाल्यांनी या तपशिलाकडे जरा लक्ष द्यावं, कारण पुढे तोच मुद्दा येणार आहे.

दिव्यांबद्दल सांगायचं राहिलं. ड्रॅग शर्यतीच्या दिव्यांच्या खांबाला नाताळचं झाड म्हणतात. अमेरिकेत तो १९६३ साली आला, त्याआधी माणूस झेंडा हलवायचा. रेषेवर दोन अदृश्य किरण सात इंचांच्या अंतराने असतात. पुढच्या चाकाने पहिला तोडला की वरचा दिवा लागतो, दुसरा तोडला की खालचा. मग पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकाखाली एक लागतात आणि शेवटी हिरवा. काही शर्यतींत तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि चार दशांश सेकंदाने हिरवा. नवखा हिरव्याची वाट बघतो. डोळ्यांनी दिवा बघून हात हलायला माणसाला सेकंदाचा चौथा हिस्सा लागतो, म्हणून मुरलेला गडी शेवटच्या पिवळ्यावरच सुटतो. गाडी हलेपर्यंत हिरवा लागलेला असतो. थोडी घाई झाली तर लाल दिवा आणि खेळ खलास.

यात एक बारीक चलाखी आहे. वेळ मोजणं सुरू होतं ते चाक दुसऱ्या किरणातून बाहेर पडल्यावर. म्हणजे चाकाचा पुढचा काठ नुकता किरणात शिरला असताना थांबलात, तर घड्याळ सुरू होण्याआधी जवळजवळ फूटभर धाव फुकट मिळते. नोंदलेला वेळ सुधारतो. खोल आत जाऊन थांबलात तर उलट होतं: वेळ वाईट दिसतो, पण समोरच्याच्या तुलनेत गाडी लवकर ‘सुटल्याची’ नोंद होते. त्यामुळे मित्राला आकडा दाखवायचा असेल तर उथळ थांबा, शेजारच्याला हरवायचं असेल तर विचार करून आत जा.

डबल सिलिंडर आणि क्लच यांच्या नात्याची सर्वांत मोठी गोष्ट सत्तरच्या दशकातली. टी. सी. क्रिस्टेन्सन नावाच्या अमेरिकनाने नॉर्टन कमांडोची दोन इंजिनं एकामागे एक जोडून ‘हॉगस्लेयर’ नावाची गाडी पळवली. तिच्यामागे डोकं जॉन ग्रेगरीचं. तिने हार्लेवाल्यांना वर्षानुवर्षं रडवलं, नावच मुळी त्यावरून पडलं. दोन इंजिनांची ताकद अनेकांकडे होती. ग्रेगरीने वेगळं केलं ते हे की ताकद टायरपर्यंत हळूहळू पोचवणारा घसरता क्लच बसवला. वेग वाढेल तसा तो आपोआप घट्ट होत जायचा. आज ती गाडी इंग्लंडमधल्या नॅशनल मोटरसायकल म्युझियममध्ये आहे. साडेसहाशे चालवणाऱ्या पोराच्या बोटांनी जे करायचं असतं, ते तिथे लोखंडाने केलं होतं.

सर्किटवरची सुरुवात याहून वेगळी. २०२१ साली रॉयल एनफील्ड आणि जेके टायर यांनी कॉन्टिनेंटल जीटी कप सुरू केला. सगळ्यांना सारख्याच तयार केलेल्या गाड्या. गाडी सारखी म्हटल्यावर फरक उरतो माणसाचा, आणि तो सर्वांत उघडा पडतो सुरुवातीला. कोइम्बतूरचं कारी सर्किट २.१ किलोमीटरचं, अरुंद. पहिल्या वळणावर चौथा पोचलेला माणूस पुढे कितीही वेगवान असला तरी तिघांच्या पाठीमागेच फिरतो. लाल दिवे कधी विझतील हे ठरलेलं नसतं, त्यामुळे क्लच दाबून फेऱ्या धरून वाट बघण्यात प्लेटा आणि मन दोन्ही तापतात. पुण्याच्या मुलाला हे शिकायचं तर कोइम्बतूर किंवा चेन्नई गाठावी लागते. गाडी टेम्पोत टाकून जाण्या-येण्याचा खर्च बघितला की बापाचा चेहरा उतरतो. देशातले बहुतेक मोठे दुचाकी कारखाने ज्यांच्या आसपास आहेत त्यांतलं एक शहर पुणे, आणि इथल्या पोराला सरळ चारशे मीटर मिळत नाहीत, हे मला लाजिरवाणं वाटतं.

मग तो काय करतो, तर पहाटे ताम्हिणीला जातो, किंवा धरणाच्या कडेचा एखादा बरा पट्टा शोधून तिथे मित्रांसमोर मूठ पिळतो. मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमाप्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. पण दंडाची भीती दाखवण्यात अर्थ नाही. खरी अडचण अशी की त्या रस्त्यावर गवताचा भारा घेतलेली बाई असते, म्हशी असतात, शाळेला निघालेली पोरं असतात. सुरुवात शिकताना चुका होणारच आणि त्यांची किंमत त्यांनी का मोजायची? शिवाय रस्त्यावर ना किरण, ना घड्याळ. आपण सुधारलो की नाही हेच कळत नाही. सराव म्हणूनसुद्धा तो निकामी.

बैलगाड्याला नियम, वैद्यक आणि रुग्णवाहिका घेऊन घाट परत मिळाला. मोटरसायकलला तसाच रस्ता मिळायला हरकत नाही. राज्यात छोट्या धावपट्ट्या आहेत, त्यांतल्या काहींवर दिवसचे दिवस विमान उतरत नाही. महिन्यातून एक रविवार, तिकीट लावून, मोटरस्पोर्टची देशातली नियामक संस्था एफएमएससीआय हिच्या नियमांखाली, दोन रुग्णवाहिका आणि साठ फुटांवर एक किरण एवढं पुरे. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने (एमएडीसी) आणि जिल्हा प्रशासनाने याचा विचार करावा. शर्यती भरवणाऱ्यांनीही बक्षिसाचा आकडा जरा कमी करून सरावाचा एक दिवस जास्त ठेवावा.

आणि गाडीवाल्यांसाठी. सायलेन्सर आणि ‘मॅपिंग’वर पंचवीस-तीस हजार घालून दोन-चार बीएचपी मिळतात, तीही वरच्या फेऱ्यांत, जिथे साठ फुटांत तुम्ही जेमतेम पोचता. आवाजापायी पोलीस पकडतात ते वेगळंच. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण सगळ्यांनी बघितले आहेत. तेच पैसे या क्रमाने खर्च करा: योग्य तेल, नवी क्लच-तार, ताण नीट केलेली चेन, चांगला मागचा टायर, आणि उरलेल्या रकमेत बंद पट्टीवरच्या सरावाची प्रवेश फी. यातून उरले तर सायलेन्सर घ्या.